सावंतवाडीची बारा मण्यांची चौकट : पैसे वसूल, आणि १७२९ चा नवा चेहरा

सरळच सांगते, घेण्यासारखी वस्तू आहे. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत ना, त्यातल्याच एका छोट्या दुकानातून (बाहेर लाकडी फळांच्या परड्या आणि रंगीत पाट लावलेले असतात, पाटी शोधत बसू नका) आम्ही एक मणीचौकट करून घेतली. अबॅकसच आहे, पण शाळेतला दहा मण्यांचा नाही. पाच दांड्या, प्रत्येक दांडीवर बारा मणी, आणि सोबत छोटे लाकडी चाप, जे दांडीवर अडकवले की जास्तीचे मणी खालीच अडकून राहतात. बेस म्हणजे किती मोजून झाले की शेजारच्या दांडीवर एक धरायचा तो आकडा, आपण रोज लिहितो तो दहाचा. सगळे बारा मोकळे ठेवले की बाराचा बेस, पाच अडकवले की सातचा बेस, दोन अडकवले की आपला नेहमीचा दहाचा. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, किंमत नऊशे रुपये.

आता कोणी म्हणेल फोनवर फुकट ॲप मिळतात त्यावर कुठलीही संख्या कुठल्याही बेसमध्ये करून मिळते, मग नऊशे कशाला. मिळते, खरंय. पण ॲप उत्तर देतं आणि गप्प बसतं, आणि सायंटिफिक कॅल्क्युलेटरमध्ये जो बेसचा मोड असतो त्यात दोन, आठ, दहा, सोळा एवढेच बेस असतात, बाराचा नाहीच. माझ्या लेकीला शाळेत २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिवसासाठी प्रोजेक्ट करायचा होता, रामानुजनचा वाढदिवस असतो ना तो, आणि तिने विषय घेतला १७२९. नेटवरून फोटो चिकटवून प्रोजेक्ट करायचा नाही असं आमचं दोघींचं आधीच ठरलं होतं. तर संख्या तीच ठेवून तिचा बेस बदलत गेलं की काय काय बदलतं आणि काय बदलत नाही, ते हाताने करून बघायचं असा विचार होता आणि त्यासाठी ही चौकट.

दुकानातले काका वयस्कर आहेत आणि त्यांना कागदावर काढून दाखवलं तर आधी त्यांनी मलाच विचारलं, "बाय, बारा मणी कित्याक? शाळेत दहाच मण्यांचो लागता मा?" मी म्हटलं, "काका, डझनान मोजूचा आसा." बस, पुढे एक प्रश्न नाही. "मगे बाराच होये," म्हणाले, आणि लगेच फुटपट्टी घेऊन दांडीची लांबी काढायला लागले. कोकणातल्या माणसाला डझन समजवावा लागत नाही. आंबा डझनावर जातो, पेटी चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी अशीच बोलली जाते, आणि बारा डझनाचा ग्रोस.

क्वालिटीबद्दल आधी लिहिते कारण बरेच लोक तेवढंच वाचायला येतात. मणी लेथवर कातलेले आहेत आणि वर लाखेचं काम. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते, त्यामुळे ब्रशने मारलेल्या रंगासारखे पोपडे निघत नाहीत. आमच्याकडे पोरं ती चौकट रोज बडवतात तरी एकाही मण्याचा रंग उडालेला नाही. मणी हाताला गुळगुळीत लागतात आणि भोक बरोबर मधोमध आहे, हे महत्त्वाचं, कारण आधी एकदा ऑनलाइन प्लास्टिकचा अबॅकस घेतला होता त्याचे मणी अर्ध्यात अडकायचे आणि पोरगी वैतागून सोडून द्यायची. काकांनी स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली जी मी सांगितलीच नव्हती, प्रत्येक दांडीवरचा सहावा मणी पिवळा आणि बारावा हिरवा, बाकी सगळे लाल. त्यामुळे मोजत बसावं लागत नाही, पिवळ्याच्या पुढे एक म्हणजे सात, हिरव्याच्या अलीकडे म्हणजे अकरा, नजरेला लगेच कळतं. पन्नास वर्षं लाकूड कातणाऱ्या माणसाला जे सुचतं ते डिझाइन शिकलेल्याला सुचेलच असं नाही.

वापरायची पद्धत अशी. चौकट टेबलावर आडवी ठेवायची, सगळ्यात उजवी दांडी सुट्यांची, तिच्या डावीकडे डझनाची, मग ग्रोसची म्हणजे १४४ ची, मग १७२८ ची. मोजलेला मणी वर सरकवायचा. उजव्या दांडीवरचे बारा वर गेले की ते बाराही खाली घ्यायचे आणि शेजारच्या दांडीवरचा एक वर. लिहिताना दहा आणि अकरासाठी एकेक चिन्ह लागतं, कारण बाराच्या बेसमध्ये "१०" म्हणजे बारा. कॉम्प्युटरवाले इंग्रजी अक्षरं वापरतात, आम्ही दहासाठी द आणि अकरासाठी अ धरलं. म्हणजे २६९ आंबे असतील तर एक ग्रोस, दहा डझन, पाच सुटे, लिहायचं १द५.

माझे सासरे, आप्पा, आयुष्यभर आंब्याचा हिशोब करत आले. त्यांनी हे बघितलं आणि त्यांना काही शिकवावंच लागलं नाही. पाच डझनी पेटी चौकटीवर ५०, अशा बारा पेट्या ५००, खाली एक शून्य वाढलं की झालं. ते नातीला सांगत होते की १९५७ च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले त्याच्या आधी एका आण्याच्या बारा पै असायच्या आणि रुपयाच्या सोळा आणे, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, ते चौकटीवर लावलं तर १४०. आणि सावंतवाडीच्या राजवाड्यात जो गंजिफा रंगवतात, गोल पत्ते, त्यातल्या दशावतारी गंजिफ्यात दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पत्ते असतात, एकूण १२०, तो चौकटीवर द०. जपमाळेचे १०८ मणी म्हणजे ९०. लेकीने बोटांची पेरंही मोजून दाखवली, अंगठ्याने चार बोटांची तीन तीन पेरं, बारा. एवढं सगळं आपल्या हाताशी बाराचं पडलेलं आहे आणि आपण लिहायला बसलो की दहा.

आता १७२९. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, लंडनमध्ये पटनीच्या हॉस्पिटलमध्ये आजारी रामानुजनला भेटायला केंब्रिजचे गणिती हार्डी टॅक्सीने गेले, टॅक्सीचा नंबर १७२९, हार्डींना तो अगदी नीरस वाटला, आणि रामानुजन म्हणाले की नाही, दोन घनांच्या बेरजेत दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी ही सगळ्यात लहान संख्या आहे. १२ चा घन अधिक १ चा घन, आणि १० चा घन अधिक ९ चा घन. मी शाळेत असल्यापासून हे ऐकत आलेय आणि प्रत्येक वेळी "हो का, बरं" एवढंच वाटायचं, कारण १-७-२-९ या अंकांकडे बघून त्यात घन कुठेच दिसत नाही.

लेकीने चौकटीवर १७२९ लावायला घेतली. बाराचा घन १७२८, म्हणजे चौथ्या दांडीवर एक मणी वर. उरला एक. तो पहिल्या दांडीवर. तिने बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, मधल्या दोन दांड्या रिकाम्याच!" डावीकडे एक लाल मणी, उजवीकडे एक लाल मणी, मधे काही नाही. १००१. आप्पा शेजारी बसले होते, ते म्हणाले, "ह्यां तर एक हजार एक झाला गो." ती म्हणाली, "नाय आप्पा, सतराशे एकोणतीसच आहे, फक्त डझनाने लिहिलंय." आणि खरंच, १००० म्हणजे बाराचा घन, १ म्हणजे एकाचा घन, रामानुजनच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग समोर लाकडात उभा होता, गणित न करता. दुसरा अर्धा भागही याच बेसमध्ये एकअंकी होतो, कारण दहा इथे एकच अंक आहे, द चा घन अधिक ९ चा घन.

यावर आमचं बरंच बोलणं झालं आणि मला वाटतं चौकटीची खरी किंमत इथे वसूल झाली. संख्येच्या काही गोष्टी तिच्या स्वतःच्या असतात आणि काही गोष्टी आपण ती कशी लिहितो त्याच्या असतात. १७२९ म्हणजे ७ × १३ × १९, हे कुठल्याही बेसमध्ये जा, बदलत नाही. दोन घनांचं तेच. पण १००१ उलटसुलट सारखीच वाचली जाते, हा गुण बाराच्या लिखाणाचा आहे, दहाच्या बेसमध्ये १७२९ उलटी केली तर ९२७१. मण्यांवर हे समजतं कारण वर गेलेल्या मण्यांची किंमत तीच राहते आणि मांडणी मात्र डोळ्यांदेखत बदलते. तेरानेही भाग जातो हे तर बघताक्षणी कळतं, दहाच्या बेसमध्ये अकराची कसोटी आपण करतो ना, एक सोडून एक अंक अधिक-वजा, तीच कसोटी बाराच्या बेसमध्ये तेराची होते, १ - ० + ० - १ = ०, म्हणून १७२९ ला १३ ने भाग जातो. आणि दहात जी नऊची कसोटी, अंकांची बेरीज, ती बारात अकराची. अकराचा पाढा बाराच्या बेसमध्ये म्हणून बघा: अ, १द, २९, ३८, ४७, ५६, ६५, ७४, ८३, ९२, द१. आपल्या नऊच्या पाढ्याची गंमत सगळी तिकडे सरकली.

इथून पुढे कापरेकर आले, आणि ते येणारच होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर आपल्या कोकण किनाऱ्याचे, डहाणूला १७ जानेवारी १९०५ ला जन्म. विद्यार्थी असतानाच १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस मिळालं, आणि ते परांजपेही आपलेच, दापोलीजवळच्या मुर्डीचे. पुढे कापरेकर देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तर. प्रोफेसर नाही, संशोधन संस्थेत नाही, शाळामास्तर, आणि संख्यांवर इतकं प्रेम की जगभरच्या गणितात आज त्यांचं नाव आहे. मला मनापासून वाटतं की कोकणातल्या प्रत्येक शाळेत त्यांचा फोटो हवा.

त्यांनी ज्यांना हर्षद संख्या म्हटलं त्या अशा, की संख्येच्या अंकांची बेरीज करा आणि त्या बेरजेने त्याच संख्येला भाग गेला पाहिजे. १८ घ्या, १ + ८ = ९, भाग जातो, हर्षद. १७२९ चे अंक मिळवले तर १९, आणि १९ × ९१ = १७२९. हर्षद! लेक खूश. मग बाराच्या बेसमध्ये १००१, अंकांची बेरीज २, आणि १७२९ विषम, भाग जात नाही. म्हणजे बारात आली आणि हर्षद राहिली नाही. मग तिने चाप लावत लावत एकेक बेस बघितला. अकरात १३३२, बेरीज ९, नाही. नऊमध्ये २३३१, पुन्हा ९, नाही. आठमध्ये ३३०१, बेरीज ७, जातो. सातमध्ये ५०२०, बेरीज ७, जातो. सहामध्ये १२००१, बेरीज ४, नाही. पाचमध्ये २३४०४, बेरीज १३, जातो. चाराच्या बेसला सहा दांड्या लागतात म्हणून चौकट तिथे संपली, कागदावर केलं तर १२३००१, बेरीज ७, जातो. चार, पाच, सात, आठ, दहा या बेसमध्ये हर्षद आणि सहा, नऊ, अकरा, बारामध्ये नाही. हा तक्ता तिने प्रोजेक्टच्या मधल्या पानावर लावला आणि तो कुठल्याही फोटोपेक्षा चांगला दिसतो.

आणि मग खुद्द १२ ही संख्या. आप्पांनी विचारलं की आमच्या डझनाचं काय. तर १२ ही आठ सोडून बाकी प्रत्येक बेसमध्ये हर्षद आहे! पाचात २२, बेरीज ४, जातो. सातात १५, बेरीज ६, जातो. नऊमध्ये १३, बेरीज ४. अकरात ११, बेरीज २. आठात मात्र १४, बेरीज ५, आणि बाराला पाचाने भाग जात नाही. फक्त एकच बेस अडतो. पूर्णपणे सगळ्या बेसमध्ये हर्षद राहणाऱ्या संख्या चारच आहेत, १, २, ४ आणि ६. चाराचं आणि सहाचं लेकीने मण्यांवर पडताळून बघितलं. अशा गोष्टी पुस्तकात वाचल्या तर पान उलटतो आपण, मणी सरकवून आल्या की लक्षात राहतात.

कापरेकरांचा ६१७४ तर माहीतच असेल. चार अंक घ्या (सगळे सारखे नकोत), उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच करा, शेवटी ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. तीन अंकांचं केलं तर ४९५. आम्ही ६१७४ बाराच्या बेसमध्ये नेला, तो होतो ३६द६, आणि तिथे द६६३ मधून ३६६द वजा केले तर ६अअ५ येतात. म्हणजे ६१७४ ची जादू दहाच्या लिखाणाचीच. पण मग तीन अंकांचं करून बघितलं आणि इथे चौकटीचा कस लागतो, कारण हातचा घेताना डाव्या दांडीवरचा एक मणी खाली आणायचा आणि त्याचे इकडे बारा मोकळे करायचे, अंकांवर हे आंधळेपणाने होतं, मण्यांवर दिसतं.

२, ४, ७ घ्या. ७४२ वजा २४७. सुट्यांच्या दांडीवर दोनच मणी, सात काढायचेत, शेजारून एक घेतला, चौदा झाले, उरले सात. डझनाच्या दांडीवर चारातला एक गेला, तीन राहिले, त्यातून चार काढायचे, पुन्हा शेजारून एक, पंधरा, उरले अकरा. ग्रोसच्या दांडीवर सहातून दोन, चार. उत्तर ४अ७. पुन्हा लावा, अ७४ वजा ४७अ, ६अ५. पुन्हा, अ६५ वजा ५६अ, ५अ६. आणि पुन्हा केलं तरी ५अ६. थांबला. दहाच्या बेसमधला ४९५ आणि बाराच्या बेसमधला ५अ६ शेजारी लिहून बघा, ४-९-५ आणि ५-अ-६, सख्खे भाऊ आहेत. आपल्या नेहमीच्या लिखाणात तो ८५८ आहे आणि त्यात काही विशेष दिसत नाही. कुठलेही तीन अंक घेतले (तिन्ही सारखे नकोत) तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे येतो.

का येतो तेही मण्यांनी दाखवलं. दोन्ही संख्यांत मधला अंक तोच असतो आणि सुट्यांना नेहमी त्याच्याकडून एक द्यावा लागतो, त्यामुळे मधे दरवेळी एक कमी पडतो आणि तिथे अकरा म्हणजे अ येणारच. बाहेरच्या दोन अंकांची बेरीजही दरवेळी अकराच, ४ आणि ७, ६ आणि ५. ते दोघे हळूहळू जवळ येत जातात आणि पाच-सहावर अडकतात कारण अकराचे दोन समान भाग होत नाहीत. मग लेकीने विचारलं की समान भाग होत असतील तर? असा प्रश्न पोरगी स्वतःहून विचारते तेव्हा मला नऊशे रुपये काहीच वाटत नाहीत. सातचा बेस लावला, तिथे बाहेरच्यांची बेरीज सहा. ३६३ आला, त्यातून २६४, त्यातून पुन्हा ३६३, पुन्हा २६४. थांबतच नाही, दोन घरांत येरझाऱ्या घालतो. सगळ्या विषम बेसमध्ये तीन अंकांचं शेवटी असंच होतं, सम बेसमध्ये तो एकाच जागी थांबतो.

अजून एक, हे मला स्वतःला फार आवडलं. कापरेकरांचीच दुसरी गोष्ट, ४५ चा वर्ग २०२५, मधून तोडा, २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. बाराच्या बेसमध्ये याच्या जागी ५६ आणि ६६ येतात. ५६ चा वर्ग २६३०, आणि २६ + ३० = ५६. ६६ चा वर्ग ३६३०, ३६ + ३० = ६६. (नेहमीच्या लिखाणात या संख्या ६६ आणि ७८, वर्ग ४३५६ आणि ६०८४, तोडून बघा, जमत नाही.) आणि वर्गांवरून, बाराच्या बेसमध्ये कुठलाही पूर्ण वर्ग ०, १, ४ किंवा ९ नेच संपतो, दुसरं काही नाही. तीनपेक्षा मोठी मूळ संख्या १, ५, ७ किंवा अ नेच संपते. इतकं नीटनेटकं आहे सगळं.

आता तक्रारी, कारण आहेत. पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्याच्या हवेत लाकूड फुगतं आणि मणी जड फिरायला लागतात, जून-जुलैत तर दोन दांड्या जवळजवळ बसल्याच होत्या. दांड्यांवर मेणबत्ती घासली आणि सुटल्या, पण हे दुकानात सांगायला हवं होतं. चापांचं काम मण्यांइतकं चांगलं नाही, दोन चाप सैल आहेत आणि चौकट उचलली की सरकतात, मग अडकवलेले मणी मोकळे होतात आणि मधेच बेस बदलतो, हे त्रासाचं आहे. दांड्यांवर काहीही लिहिलेलं नाही, आम्ही कागदी टेपवर १, १२, १४४, १७२८ लिहून चिकटवलं, बेस बदलला की टेप बदलायची. माहितीचा कागद नाही, त्यामुळे ज्यांना बेस म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांना ही चौकट नुसतं खेळणं वाटेल. पाच दांड्या कमी पडतात, दोनाच्या बेसमध्ये ३१ च्या पुढे जाता येत नाही, १७२९ ला तिथे अकरा दांड्या लागतील. माझ्या नणंदेने मुंबईला पार्सलने मागवली तिची एका कोपऱ्याची जोडणी हलली होती, फेव्हिकॉलने बसली, पण जमत असेल तर हातानेच आणा.

अगदी लहान पोरांना देऊ नका, मणी छोटे आहेत आणि तोंडात जातील. पाचवीच्या आतल्या मुलांना दहाच्या बेसचीच सवय नीट झालेली नसते, त्यांना बारा दाखवून गोंधळात टाकू नये असं माझं मत. सहावीपासून पुढे मस्त. आणि आंब्याचा धंदा असेल तर मोठ्यांनाही, आमच्या आप्पांनी यंदा पेट्यांचा हिशोब वहीत लिहिलाच पण चौकटीवरही लावून ठेवत होते, दुपारी कोणी आलं की एका नजरेत किती ग्रोस गेले ते सांगायचे.

ऑर्डर द्यायची असेल तर गणपतीच्या आधी जाऊ नका, तेव्हा सगळी चितारआळी कामात बुडालेली असते आणि काका फोन उचलत नाहीत. दिवाळीनंतर निवांत असतात. जाताना सांगा की दांड्या सहा हव्यात, चाप घट्ट हवेत, आणि सहावा मणी पिवळा, बारावा हिरवा तसाच ठेवा. सहा दांड्यांची अकराशे सांगितलीय त्यांनी मला, मी शाळेसाठी दोन सांगून आलेय. पैसे गुगल पेवर घेतात, अर्धे आधी द्यावे लागतात.